सोमच्या पहिल्या दिवशी काय चुकलं? एका तोफखानेवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आलाय: पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला ब्रिटिशांनी फ्रान्समध्ये सोम नदीच्या पट्ट्यात जर्मनांवर हल्ला केला, त्याआधी सात दिवस रात्रंदिवस पंधरा लाख गोळे मारले, तरी एका दिवसात ५७ हजार माणसं कशी पडली? जनरल लोक खरंच गाढव होते का? आणि आपले लोक होते का तिथे?

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी तोफखान्यातला, रिटायर्ड. नोकरीतली काही वर्षं देवळालीच्या तोफखाना शाळेत पोरांना गनरी, म्हणजे तोफ डागायची विद्या, शिकवण्यात गेली. इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. त्यामुळे मी ही लढाई तोफेच्या मागून बघतो, पायदळवाला असेल तर तो वेगळं सांगेल आणि आमचं भांडण होईल, ते चालायचंच.

आकडा एकदा नीट लिहून ठेवू. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० लोक कामी आले, जखमी झाले किंवा हरवले, त्यातले १९,२४० मेले. बहुतेक सगळे सकाळी साडेसातला हल्ला सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांत. आता हा आकडा समोर ठेवला की लोक दोनच गोष्टी सांगतात, एक म्हणजे मशीनगन आणि दुसरी म्हणजे मठ्ठ जनरल. दोन्ही पूर्ण खोटं नाही पण दोन्ही अर्धवट आहे.

पंधरा लाख गोळे हा आकडा ऐकला की छाती दडपते ना? पण तोफखान्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक खोड लावतात, गोळे किती ते नंतर विचार, आधी विचार कशावर मारायचेत. ब्रिटिशांचा हल्ल्याचा पट्टा होता साधारण २२ हजार यार्डांचा, म्हणजे वीसेक किलोमीटर. पण जर्मन खंदक काय एकच सरळ रेघ होती का? पुढची लाइन, तिच्यामागे आधाराची, तिच्यामागे अजून एक, मधे जोडणारे वाकडेतिकडे खंदक, मग मागे डोंगरउतारावर पूर्ण दुसरी पोझिशन. ह्या सगळ्या खंदकांची लांबी एकापुढे एक मोजली तर जवळजवळ ३ लाख यार्ड भरते. आता भागाकार करा. पंधरा लाख भागिले तीन लाख, यार्डाला पाच गोळे. सात दिवसांत. म्हणजे दिवसाला एकसुद्धा नाही.

आणि त्या पाचातले तीनेक गोळे श्रॅपनेल. श्रॅपनेल म्हणजे काय ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ब्रिटिशांची मुख्य तोफ होती १८ पौंडी, तिचा श्रॅपनेलचा गोळा म्हणजे खरं तर उडती बंदूकच. आत ३७५ शिशाच्या गोळ्या, मागे थोडी दारू, टोकाला वेळेचा फ्यूज, म्हणजे ठरलेल्या सेकंदाला गोळा फोडणारी कळ. गोळा हवेत असतानाच फ्यूज जळून दारू पेटते आणि गोळ्या पुढच्या दिशेला फवारल्यासारख्या जातात. उघड्यावरच्या माणसांसाठी भयानक, पण जमिनीखाली बसलेल्या माणसाला त्याचं काहीच नाही, डोक्यावर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं. आणि जर्मन नेमके जमिनीखाली बसलेले. तिथली जमीन खडूची, मऊ, खोदायला सोपी आणि धरून राहणारी. जवळजवळ दोन वर्षं ते तिथेच होते, त्यांनी वीस-तीस फूट खोल डगआउट, म्हणजे जमिनीखालच्या खोल्या, खोदले, लाकडाने शेकारले, दोन-दोन तीन-तीन बाहेर यायच्या वाटा ठेवल्या. ते फोडायचं तर आठ इंची, नऊ पॉइंट दोन इंची अशा जड हॉविट्झर, म्हणजे गोळा उंच फेकून वरून पाडणाऱ्या तोफा पाहिजेत, हाय एक्स्प्लोझिव्ह पाहिजे, आणि गोळा आत घुसल्यावर मग फुटेल असा डिले फ्यूज पाहिजे. जड तोफा होत्या चारशेच्या आसपास, त्यातल्या खऱ्या जड फारच थोड्या, आणि एवढ्या लांब पट्ट्याला त्या वाटून टाकलेल्या. सात दिवसांत मारलेल्या सगळ्या गोळ्यांचं वजन १२ हजार टनांच्या घरात जातं पण त्यात प्रत्यक्ष फुटणारी स्फोटकं जेमतेम ९०० टन. बाकी सगळं लोखंड आणि शिसं.

त्यात अजून न फुटलेले गोळे. १९१५ ला ब्रिटनमध्ये गोळ्यांची बोंब झाली होती, त्यावरून सरकार हललं, लॉइड जॉर्जला दारूगोळ्याचं नवीन खातं दिलं, कारखाने रातोरात उभे केले, आणि रातोरात उभ्या केलेल्या कारखान्यातून जो माल येतो तोच आला. फ्यूज लागत नव्हते, काही गोळे तर नळीतच फुटून आपलीच माणसं मारत होते. आजही त्या भागात शेत नांगरलं की गोळे निघतात, तिथले लोक त्याला लोखंडाचं पीक म्हणतात. मी गेलो होतो तेव्हा एका शेताच्या बांधावर विजेच्या खांबाला टेकवून दोन गोळे ठेवलेले, जसं आपल्याकडे फुटकी पाइप ठेवतात तसे, सरकारी पथक येऊन उचलून नेणार म्हणून. बायको म्हणाली फोटो काढ जवळ जाऊन, मी म्हटलं तू काढ, मी ह्या धंद्यात होतो.

आता काटेरी तार. ही गोष्ट जरा बारकाईने सांगतो कारण बाहेरच्या माणसाला हे कधीच कुणी सांगत नाही. जर्मन खंदकांपुढे तारेची जाळी होती, काही ठिकाणी तीस-तीस यार्ड रुंद, बोटाएवढ्या जाड तारेची. ती तोडायचं काम १८ पौंडीच्या श्रॅपनेलला दिलं होतं. तुम्ही म्हणाल तार तोडायला शिशाच्या गोळ्या? हो, होतं ते, पण अट अशी की गोळा तारेच्या किंचित पुढे आणि जमिनीपासून काही फुटांवरच फुटला पाहिजे, म्हणजे फवारा सपाट तारेतून जाईल. वर फुटला तर गोळ्या गारांसारख्या वरून पडतात, तारेला ओरखडासुद्धा नाही. खाली आला तर फुटायच्या आतच मातीत. आणि हे सगळं त्या फ्यूजवर. तो फ्यूज म्हणजे पितळेची गोल कडी, तिच्यात दाबून भरलेली दारू, ती ठरावीक वेगाने जळत जाते, कडी फिरवून सेकंद लावायचे. गोळा शेवटाला समजा सेकंदाला तीनशे मीटरने चाललाय, तर सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे तीस मीटर पुढे-मागे. आणि दारूच जळतेय ती, ओल लागली की हळू जळणार, थंडीत वेगळी जळणार. त्यात पोरं नवी. ब्रिटिशांची ही फौज म्हणजे १९१४ ला भरती झालेले कारकून, खाणकामगार, दुकानदार, त्यांच्यातलेच तोफखान्यातही आलेले, वर्षभरापूर्वी ज्यांनी तोफ बघितली नव्हती ते आता दहाव्या भागाचं काम करतायत.

हे मी हेटाळणीने नाही म्हणत. आमच्या एका प्रॅक्टिस कॅम्पला असंच झालं होतं. हवामानाचा निरोप दर काही तासांनी येतो, वरच्या थरात वारा किती, हवा किती गरम, त्यावरून तोफेचं गणित बदलतं. एका बॅटरीने, म्हणजे तोफांच्या एका तुकडीने, सकाळचाच निरोप दुपारी वापरला, दुपारी वारा पूर्ण फिरलेला. पहिला गोळा टार्गेटपासून अडीचशे मीटर डावीकडे. ओपीवर, म्हणजे गोळे कुठे पडतात ते बघायच्या ठाण्यावर, मी होतो, खाली बघतोय तर धूर भलतीकडेच, दोन सेकंद कळेना की आपली बॅटरी की दुसऱ्या कुणाची. रेंज मोकळी होती म्हणून नुसत्या शिव्यांवर भागलं. आणि हे कॉम्प्युटर असताना, रडार असताना. १९१६ ला तर प्रत्येक तोफेची नळी किती झिजलीय हे मोजून हिशोबात घ्यायची पद्धत नीट बसलेली नव्हती, हवामानाचं गणितही तसंच. एक गोळा मार, बघ कुठे पडला, सुधार, परत मार. ज्या तोफेच्या ओपीवरून नीट दिसत नाही तिने काय करायचं? अंदाजाने.

तर तार काही ठिकाणी तुटली, बऱ्याच ठिकाणी नाही. रात्रीच्या पेट्रोलने, म्हणजे गस्तीवर गेलेल्या तुकडीने, येऊन सांगितलंही की साहेब तार शाबूत आहे. काही ठिकाणी वरच्या ऑफिसांत ते ऐकून घेतलं, काही ठिकाणी पेट्रोलवालेच घाबरट ठरवले गेले. हा प्रकार कुठल्या फौजेत होत नाही ते मला सांगा.

आणि तिसरी गोष्ट जी मशीनगनच्या नादात लोक विसरतात, जर्मन तोफा. ब्रिटिशांनी आपले गोळे खंदक आणि तार ह्यातच संपवले, मागे झाडीत, उताराआड लपलेल्या जर्मन बॅटऱ्यांवर मारा फार कमी ठेवला. विमानं होती, त्या दिवशी आकाश ब्रिटिशांच्याच ताब्यात होतं, तरीही. आवाजावरून शत्रूची तोफ शोधायची विद्या, जिच्यावर लॉरेन्स ब्रॅगसारखा नोबेलवाला शास्त्रज्ञ काम करत होता, ती तेव्हा नुकती रांगत होती. मग साडेसातला पायदळ निघालं तेव्हा त्या शाबूत जर्मन बॅटऱ्यांनी मधल्या मोकळ्या जागेवर आणि ब्रिटिशांच्याच गच्च भरलेल्या पुढच्या खंदकांवर गोळ्यांची भिंत उभी केली. कित्येक बटालियन आपल्याच तारेच्या बाहेर पडायच्या आधी मोडल्या. मशीनगन दिसते, तिचा आवाज लक्षात राहतो, म्हणून वाचलेल्यांच्या आठवणीत ती जास्त. तोफ दिसत नाही.

सगळ्यात मोठा घोळ मात्र वेळापत्रकाचा. हल्ल्याच्या वेळी तोफखान्याचं काम शत्रूला मारणं नसतं, त्याचं डोकं खाली ठेवणं असतं. बस्स. पायदळ शत्रूच्या खंदकाच्या काठावर पोचेपर्यंत तो खालीच राहिला तर आपण जिंकलो, पायदळाच्या आधी तो वर आला तर पायदळ मेलं. ही शर्यत आहे, दोन-तीन मिनिटांची. जर्मनाला डगआउटच्या पायऱ्या चढून मशीनगन काठावर ठेवायची आहे, ब्रिटिशाला तीस किलोचं ओझं घेऊन दोनशे ते पाचशे यार्ड जायचंय, मधे तार. १ जुलैला बहुतेक पट्ट्यात साडेसातला मारा पुढच्या खंदकावरून उचलला आणि मागच्या लाइनवर टाकला, घड्याळ लावून. पायदळ कुठे पोचलं ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. उचलला की जर्मनांना कळलं, आले हे. शर्यत सुरू आणि तुमचा माणूस अजून तारेत अडकलेला.

बोमाँ-आमेल गावाजवळ तर कहरच. तिथे हॉथॉर्न नावाच्या टेकाडाखाली सुरुंग खोदला होता, ४० हजार पौंड स्फोटकांचा. तो बाकीच्यांबरोबर साडेसातच्या तोंडावर उडवायचा सोडून सात वीसलाच उडवला. आणि सुरुंग उडणार म्हणून त्या कोअरच्या (काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी फौज) पूर्ण पट्ट्यावर जड तोफांचा मारा सात वीसलाच पुढच्या खंदकावरून उचलला. म्हणजे जर्मनांना दहा मिनिटं आधी सांगितलं की बाबांनो उठा. त्या सुरुंगाचं फिल्मवर शूटिंग झालेलं आहे, मातीचा डोंगर वर जाताना दिसतो, मी क्लासमध्ये दाखवायचो तेव्हा पोरं वा म्हणायची. मी विचारायचो घड्याळात किती वाजलेत? मग शांत व्हायची.

तिथेच थोड्या वेळाने न्यूफाउंडलंडची रेजिमेंट गेली. तेव्हा ते कॅनडात नव्हते, वेगळा छोटा देश. डिव्हिजनच्या कमांडरला पांढरा फ्लेअर, म्हणजे आकाशात सोडलेला उजेडाचा इशारा, दिसला, त्याला वाटलं आपले पोचले म्हणून त्याने पुढची फौज सोडली. तो फ्लेअर जर्मनांचा होता, आपलेच गोळे अलीकडे पडतायत, मारा लांब करा असं ते त्यांच्या तोफखान्याला सांगत होते. जोडखंदक मेलेल्या-जखमींनी तुंबलेले म्हणून हे लोक मागच्या खंदकातूनच उघड्यावर निघाले, आपल्या पुढच्या लाइनपर्यंत पोचायलाच शेकडो यार्ड. आठशेच्या आसपास गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८.

ह्यात मूर्ख कोण? कमांडरला दिसतच नव्हतं हो. हा मुद्दा आजच्या मोबाइलवाल्या पिढीला समजावणं अवघड जातं. आपल्या पुढच्या खंदकापर्यंत टेलिफोनची वायर सहा फूट खोल पुरलेली, तिथवर सगळं ठीक. त्याच्या पुढे काही नाही. वायरलेस सेट माणसाला उचलून न्यायच्या लायकीचा नाही. मग धावणारा निरोप्या, कबुतर, झेंडे. काही सैनिकांच्या पाठीला तर पत्र्याचे त्रिकोण बांधलेले, विमानातून चमकताना दिसावेत म्हणून. अल्स्टर डिव्हिजनने थीपवालजवळ श्वाबेन नावाचा मजबूत अड्डा खरंच घेतला, पार पुढे जर्मनांच्या दुसऱ्या पोझिशनपर्यंत काही जण गेले, आणि तिथे त्यांना आपल्याच तोफांनी झोडपलं कारण वेळापत्रकाप्रमाणे मारा तिथून अजून उचलायचा होता. तोफखान्याला सांगणार कसं, थांबा म्हणून? डावी-उजवीकडचे हल्ले फसलेले, हे मधेच अडकले, रात्री उरलेसुरले मागे आले.

आता कुणी म्हणेल की ह्याला दुसरा इलाजच नव्हता. होता. आणि त्याच दिवशी, त्याच लढाईत दिसला, म्हणून तर मला ही लढाई सोडवत नाही. दक्षिणेच्या टोकाला, फ्रेंचांना लागून तेरावी कोअर होती, तिच्या दोन डिव्हिजननी, १८ आणि ३०, माँतोबाँ गाव घेतलं आणि सकाळी ठरवलेलं सगळं मिळवलं. काय वेगळं केलं? शेजारच्या फ्रेंचांच्या भरपूर जड तोफांची मदत होती, समोरच्या जर्मन बॅटऱ्या आधीच बऱ्याचशा चेपल्या होत्या, आणि काही ठिकाणी मारा एकदम लांब उडी मारून न उचलता हळूहळू, पन्नास-शंभर यार्डांनी पुढे सरकवला, त्याच्या मागे पायदळ चिकटून. क्रीपिंग बॅरेज. ह्यात आपले एकदोन गोळे अलीकडेच पडून आपलीच माणसं जातात, आणि पायदळाला हे पटवणं म्हणजे फार कठीण काम, आजही. पण चिकटून गेलेले कमी मरतात, लांब राहिलेले जास्त. खुद्द फ्रेंचांनी तर त्या दिवशी बहुतेक सगळं घेतलं आणि त्यांचं नुकसान त्यामानाने किरकोळ. त्यांच्याकडे जड तोफा जास्त होत्या आणि पट्टा छोटा होता, एवढं साधं आहे.

तर आता गाढवांचा प्रश्न. हल्ला करणाऱ्या चौथ्या आर्मीचा कमांडर रॉलिन्सन आणि त्याच्या वरचा, फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख हेग. रॉलिन्सनला गणित माहीत होतं, हे मी मुद्दाम सांगतोय. मार्च १९१५ ला न्यूव्ह शापेलला हल्ला झाला होता त्यात एक कोअर त्याच्या हाताखाली होती आणि दुसरी आपली, इंडियन कोअर. दोन हजार यार्डांचा पट्टा, त्याला साडेतीनशेच्या आसपास तोफा, म्हणजे दर सहा यार्डांना एक, फक्त ३५ मिनिटं मारा, आणि पुढची लाइन वीस मिनिटांत फुटली. पुढे जाऊन अडकले ते वेगळं, पण फुटली. सोमला यार्डामागे जो मारा होता तो त्याच्या निम्मासुद्धा धड नव्हता, आणि समोरचे खंदक मात्र कितीतरी खोल आणि मजबूत. रॉलिन्सनचा पहिला प्लॅन होता की चावा घ्या आणि धरा. फक्त पुढची पोझिशन घ्यायची, तोफा पुढे आणायच्या, जर्मनांना उलट हल्ला करायला लावायचं आणि मारायचं. हेगने सांगितलं नाही, अजून खोल, दुसऱ्या पोझिशनपर्यंत, आणि मागे घोडदळ तयार ठेवा, मागच्या बापोम गावापर्यंत जाऊ. खोली साधारण दुप्पट झाली. तोफा तेवढ्याच. म्हणजे यार्डामागचे गोळे निम्मे झाले, कागदावर एका पत्राने.

माझं मत विचाराल तर हेगपेक्षा मी रॉलिन्सनला जास्त दोष देतो. हेग घोडदळवाला, उमेद मोठी, आणि त्याच्या डोक्यावर व्हर्डूनची लढाई होती, फेब्रुवारीपासून फ्रेंच तिथे रक्त ओकत होते आणि सोमचा हल्ला लवकर करा म्हणून मागे लागलेले. पण ज्याला भागाकार येत होता त्याने वरच्याला एकदा हळू आवाजात सांगितलं आणि मग मान डोलावली. अशा मीटिंगा मी खूप पाहिल्यात. सगळ्यांना माहीत असतं, सगळे पॅडवर काहीतरी लिहीत बसतात.

आणि एक, पाऊस. हल्ला २९ जूनला होता, पावसामुळे दोन दिवस पुढे गेला. पाच दिवसांसाठी मोजलेला दारूगोळा सात दिवस पुरवायचा, म्हणजे शेवटचे दोन दिवस मारा पातळ. पंधरा लाखांचा आकडा सांगताना हे कुणी सांगत नाही.

बाकी ते सगळे रांगेत संथ चालत गेले म्हणून मेले, हे जे सिनेमात दाखवतात ते अर्ध्याहून जास्त खोटं आहे. निम्म्याहून अधिक बटालियन साडेसातच्या आधीच सरपटत मोकळ्या जागेत जाऊन पडून राहिल्या होत्या, काही धावल्या, काही टप्प्याटप्प्याने गेल्या. जिथे तोफखान्याने काम केलं नव्हतं तिथे पळत गेलेले पण मेले.

शिकले का? तर हो आणि नाही. १४ जुलैला सोमच्याच पट्ट्यात बाझाँतांवर हल्ला झाला तेव्हा तोफा पहिल्या दिवसाच्या दोन तृतीयांश, पण पट्टा फक्त सहा हजार यार्ड आणि खंदक मोजले तर बाराएक हजार यार्ड. करा परत भागाकार. यार्डामागे साधारण ६६० पौंड, १ जुलैच्या पाचपट. रात्रीच्या अंधारात वीस-बावीस हजार माणसं मोकळ्या जागेत नेऊन झोपवली, पहाटे तीन वीसला पाच मिनिटं जोरदार मारा आणि लगेच हल्ला, सकाळपर्यंत जर्मनांची दुसरी पोझिशन हातात. मग परत जुलै-ऑगस्टमध्ये छोटे छोटे, घाईचे, अरुंद हल्ले, शेजारच्यांशी ताळमेळ नाही, गोळे थोडे, आणि त्यात १ जुलैपेक्षा जास्त माणसं गेली, फक्त रोज थोडी थोडी म्हणून कुणाला आकडा पाठ नाही.

१५ सप्टेंबरला रणगाडे पहिल्यांदा आणले, ४९ नेमलेले, त्यातले साधारण एक तृतीयांश सुरुवातीच्या रेषेपर्यंतही नाही पोचले. ते चालायला जागा पाहिजे म्हणून तोफांच्या माऱ्यात शंभर-शंभर यार्डांच्या गल्ल्या रिकाम्या सोडल्या होत्या. आता रणगाडा बंद पडला तर? गल्लीत गोळाही नाही, रणगाडाही नाही, फक्त पायदळ आणि समोर जागी मशीनगन. नवीन खेळण्यासाठी जुनं चालणारं हत्यार बाजूला ठेवलं. हे वाचून मला आमच्या एका ट्रायलची आठवण येते, पण ते सांगण्यासारखं नाही.

लढाई १८ नोव्हेंबरला थांबली. जास्तीत जास्त दहा किलोमीटर जमीन, बापोम शेवटपर्यंत मिळालं नाही. ब्रिटिश फौजेचे सव्वाचार लाखाच्या आसपास, फ्रेंचांचे दोन लाख, जर्मनांचे किती ह्यावर शंभर वर्षं मारामारी चालू आहे, सव्वाचार ते सहा लाख कुठेही आकडा मिळेल. तोफखान्याचं शिक्षण मात्र इथेच झालं. जमिनीला टेकताक्षणी फुटणारा १०६ नंबरचा फ्यूज आला, मग तार तोडायला तो दहाव्या भागाचा जुगार राहिला नाही. प्रत्येक तोफेची झीज, हवा, नकाशा, सगळं गणितात आलं, आणि नोव्हेंबर १९१७ ला काँब्रेच्या लढाईत हजार तोफांनी एकही चाचणीचा गोळा न मारता पहिल्याच गोळ्यापासून टार्गेटवर मारा केला. देवळालीला आम्ही जे शिकवायचो त्याचा पाया तोच आहे.

शेवटचा प्रश्न, आपले लोक. १ जुलैला आपलं पायदळ तिथे नव्हतं. न्यूव्ह शापेल वगैरे लढून १९१५ च्या शेवटी इंडियन कोअरचं पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, हलवलं. मराठा पलटणी तर तिकडेच होत्या, १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही तिथल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला, सोमच्या दोन महिने आधी, कूट पडलं तेव्हा कैद झाल्या. त्यामुळे सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत महायुद्धाच्या पाट्या दिसतात, इतके इतके लोक गेले म्हणून, त्यातलं मरण पुष्कळदा टायग्रिसच्या काठचं असतं, सोमचं नाही.

पण आपलं घोडदळ फ्रान्समध्ये राहिलं होतं. १४ जुलैला बाझाँतांची लाइन फुटली तेव्हा पुढचं हाय वूड नावाचं जंगल सकाळी जवळजवळ रिकामं होतं, ब्रिटिश अधिकारी चालत जाऊन बघून आले. घोडदळाला निरोप गेला. खड्ड्याखड्ड्यांची जमीन, ओले खंदक, घोडे निसरतायत, पोचेपर्यंत संध्याकाळचे सात. तोवर जर्मन परत आलेले. तरी सिकंदराबाद ब्रिगेडची २० डेक्कन हॉर्स आणि ब्रिटिशांची सातवी ड्रॅगून गार्ड्स भाले घेऊन उभ्या पिकातून जंगलाच्या कडेला गेल्या, काही जर्मनांना भाल्याने टिपलं, काही पकडले, रात्रभर जागा धरली आणि पहाटे मागे बोलावलं. हाय वूड हातात यायला १५ सप्टेंबर उजाडला. त्या दिवशी कार्नवाच्या खोऱ्यात थांबलेल्या डेक्कन हॉर्सचा एक फोटो आहे, नेटवर सहज मिळेल, स्वार आपले घोडे आणि भाले घेऊन निरोपाची वाट बघतायत.